दाढ काढली, आता रिकाम्या जागेचं काय? इंप्लांट, ब्रिज की कवळी

स्नेहलतागंज

नमस्कार मंडळी. धागा आईसाठी काढते आहे. वय 69, मधुमेह आहे पण गोळ्यांवर ताब्यात आहे. खाली डावीकडची पहिली मोठी दाढ काही वर्षांपूर्वी काढली होती. तिच्या मागची गेल्या महिन्यात काढावी लागली. अक्कलदाढ त्या बाजूला कधी आलीच नाही. म्हणजे दोन लहान दाढा सोडल्या तर डावीकडे मागे सगळं मोकळं.

आई सगळं उजवीकडून चावते. ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा खाते आणि कडा ताटाच्या काठावर ठेवून देते. शेंगदाण्याची चटणी भिजवून घेते. यंदा आमच्या इंदूरच्या सराफा बाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद, सुरू झाले, तेव्हा "तुम्ही खा गं" म्हणून बाजूला बसली. तक्रार करणाऱ्यातली ती नाही, म्हणूनच मला ते जास्त लागलं.

तीन ठिकाणी दाखवलं, तीन मतं मिळाली. पहिले म्हणाले, दोन इंप्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) टाका, पक्कं काम. दुसरे म्हणाले, मागे आधाराला दात नाही, तेव्हा ब्रिज (दोन्ही बाजूंच्या दातांवर टेकवलेला दात) होणार नाही, काढती-घालती धातूची अर्धी कवळी करा. तिसरे म्हणाले, आधी हाड भरावं लागेल, मग बघू. एका दातामागे 28 हजारांपासून 55 हजारांपर्यंत आकडे ऐकले आणि कशात काय धरलंय ते कुणीच नीट सांगितलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की दाढ काढायची ठरते त्याच दिवशी पुढचं बोलणं व्हायला हवं. काढताना कुणी "या जागेचं पुढे काय करायचंय" असं विचारत नाही, आणि काही वर्षांनी तेच लोक "हाड उरलं नाही" म्हणून सांगतात. घरात ज्यांनी हे केलंय किंवा ज्यांना त्यातलं कळतं, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पुण्यात_असलेली_इंदूरकर

आईंना नमस्कार सांग. माझ्या सासूबाईंना ब्रिज केला होता. त्यासाठी दोन्ही बाजूंचे चांगले दात घासून लहान करावे लागले. काही वर्षांनी त्यातला एक आतून किडला. कॅपखाली असल्यामुळे कळायला उशीर झाला, मग रूट कॅनल आणि नवा ब्रिज. शेजारचे दात आधीच कॅप घालण्यासारखे असतील तर ब्रिज बरा. धडधाकट दात घासायला माझं मन तयार होत नाही.

दंततज्ज्ञ_माळवा

मी कृत्रिम दात बसवण्याचंच काम करतो. तोंड न बघता उपचार सांगणार नाही, पण तीन मतं का आली ते सांगू शकतो. तिघांचंही आपापल्या जागी काही ना काही बरोबर असावं.

नैसर्गिक दात हाडात थेट रुतलेला नसतो. मुळाभोवती धाग्यांचा एक पातळ थर असतो आणि चावताना बसणारा दाब त्यातून हाडापर्यंत पोचतो. तो दाब मिळतो म्हणून तिथलं हाड टिकतं. दात गेला की ते विरायला लागतं. दात काढल्यापासून वर्षभरात त्या जागेची रुंदी निम्म्याच्या आसपास घटू शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या 3 महिन्यांतच होते. गालाकडची भिंत मुळातच पातळ असते, ती आधी जाते. त्यामुळे दाढ काढण्याच्या दिवशीच पुढचं ठरावं, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. काही रुग्णांत काढतानाच खड्ड्यात हाडाची पूड भरून ठेवता येते, काहींत त्याच वेळी इंप्लांटही बसतं. दर वेळी ते करावंच असं नाही, पण विचारणा व्हायलाच हवी.

आता मापं. दाढेच्या जागी साधारण 4 ते 5 मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा स्क्रू जातो. त्याच्या चहूबाजूंनी किमान दीड मिलिमीटर हाड असावं, म्हणजे 7 ते 8 मिलिमीटर रुंदी लागते. खाली जबड्यातून एक नस जाते, ओठ आणि हनुवटीची संवेदना तिच्यातून येते. तिच्यापासून 2 मिलिमीटर अंतर राखतात. नस दुखावली तर ओठ बधिर होतो आणि कधीकधी तो बधिरपणा कायमचा राहतो. नेहमीच्या सपाट एक्स-रेवर हाडाची उंची दिसते, रुंदी दिसत नाही. त्यासाठी कोन बीम स्कॅन, म्हणजे सीबीसीटी करावा लागतो. आईंचा झालाय का? नसेल तर "दोन टाकू" आणि "हाड भरावं लागेल" या दोन्ही गोष्टी अंदाजानेच सांगितलेल्या आहेत.

आणखी एक बघा. खालची दाढ बरीच वर्षं नसली की तिच्यासमोरची वरची दाढ हळूहळू खाली उतरते आणि शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात. मग खाली हाड असूनही कॅपला उंचीच उरत नाही.

पुढे जाण्याआधी एवढं सांगा: एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) किती आहे, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, तंबाखू किंवा मिश्री, रात्री दात खाण्याची सवय. आणि हाडं ठिसूळ होतात म्हणून एखादी गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे का? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे.

स्नेहलतागंज

डॉक्टर, मनापासून आभार. एचबीएवनसी 6.9. तंबाखू वगैरे कधीच नाही. रक्त पातळ करणारं काही नाही. पण हाडांचं इंजेक्शन आहे! वर्षातून एकदा सलाइनमधून देतात, झोलेड्रॉनिक ॲसिड. मणक्याच्या त्रासानंतर सुरू केलं. तिघांपैकी एकानेही हे विचारलं नव्हतं. आम्हालाही वाटायचं की पाठीच्या औषधाचा दाताशी काय संबंध. कृपया सांगा, काळजी करण्यासारखं आहे का?

स्कॅन झालेला नाही, फक्त सपाट एक्स-रे आहे.

दंततज्ज्ञ_माळवा

घाबरू नका, पण हे प्रत्येक दातांच्या डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगायचं.

ही औषधं हाड विरण्याची क्रिया मंदावतात, म्हणून मणका आणि खुबा वाचतो. पण जखमेनंतर हाडाला स्वतःची डागडुजी करायला तीच क्रिया लागते. त्यामुळे दात काढल्यावर किंवा हाडात काम केल्यावर क्वचित तिथली जखम भरून येत नाही आणि हाड उघडं राहतं. कॅन्सरसाठी हीच औषधं मोठ्या मात्रेत आणि वरचेवर देतात, तिथे हा धोका बराच जास्त असतो. हाडांच्या ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा घेणाऱ्यांत तो खूप कमी असतो, पण शून्य नसतो. औषध किती वर्षं चालू आहे, मधुमेह आहे का, स्टिरॉइड घेतात का, यावर तो बदलतो.

म्हणून आधी एक काम करा. गेल्या महिन्यात काढलेल्या दाढेची जागा उजेडात नीट बघा. हिरडी पूर्ण मिटली आहे का? पांढरट, टणक, खरखरीत असं काही दिसतंय का? 8 आठवड्यांनंतरही हाड उघडं दिसत असेल तर इंप्लांटचा विषय बाजूला ठेवून मुखशल्यचिकित्सकाला दाखवायचं. हिरडी मिटली असेल तर ती चांगली खूण आहे.

इंप्लांट करायचं की नाही, हे इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. इंजेक्शन स्वतःहून बंद करू नका किंवा पुढे ढकलू नका. दर 6 महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब नावाचं दुसरं एक इंजेक्शन आहे, ते मध्येच सोडलं तर मणके मोडण्याचा धोका उलटा वाढतो. हे तुमच्यासाठी नाही, धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिलं.

तिलकनगर

हे वाचून आत्ताच बाबांच्या औषधांची पिशवी उघडली. आठवड्याला एक अशी 70 मिलिग्रॅमची ॲलेंड्रोनेट, म्हणजे हाडांचीच गोळी, निघाली. पुढच्या आठवड्यात त्यांची दाढ काढायची होती. डॉक्टरांना फोन करते.

दंततज्ज्ञ_माळवा

तिलकनगर, काढू नका असं नाही. किडलेली, पू झालेली दाढ ठेवणं हेही धोक्याचंच. फक्त त्यांना माहीत असू द्या.

रामबागकर

माझं वय 78. कवळीवाल्यांच्या वतीने लिहितो, कारण इंप्लांट म्हटलं की सगळे एकेका दाताचा हिशोब करतात.

माझे खालचे सगळे दात गेलेले. वरची कवळी टाळूला चिकटून राहते, तिचा त्रास नाही. खालच्या कवळीला धरायला काही नसतं, जीभ हलली की ती उचलली जाते. पोहे खाताना शेव आणि जिरावण मसाल्याचे कण खाली शिरायचे आणि हिरडी सोलून निघायची. चारचौघांत, साहित्य सभेच्या कार्यक्रमाला गेलो तरी मी चहापलीकडे काही घेत नसे.

मग मुलाने माहिती काढली आणि खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोनच इंप्लांट बसवले. त्यांच्यावर बटणासारखी टोकं असतात आणि कवळीच्या आत त्यांच्या जोडीच्या डब्या. बोटाने दाबली की टक् असा आवाज येऊन कवळी बसते. रात्री काढायची, ब्रशने धुवायची, पाण्यात ठेवायची. डब्यांमधलं नायलॉन झिजतं, ते अधूनमधून बदलावं लागतं, त्याचा खर्च फार नाही. जुन्या कवळीतच बसवलं, नवी करावी लागली नाही. आता मी भुट्ट्याचा कीस खातो, त्यात कौतुक नाही, तो मऊच असतो. पण भाजलेले दाणे खातो. ज्यांना सगळ्या दातांचा खर्च झेपत नाही त्यांनी याची चौकशी जरूर करावी.

दंततज्ज्ञ_माळवा

रामबागकर काका, फार चांगलं केलंत लिहून. 2002 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी एकत्र बसून हेच म्हटलं होतं, की खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर दोन इंप्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय समजावा. पुढच्या भागात हाडही सहसा बऱ्यापैकी उरलेलं असतं आणि ती नस तिथे आड येत नाही.

जुनी_इंदूर

एक प्रश्न आहे, विचारायला संकोच वाटतो. हाडाची पूड म्हणजे नक्की कशाची? आमच्याकडे आई माळकरी आहे.

दंततज्ज्ञ_माळवा

अजिबात संकोच करू नका, हे विचारलंच पाहिजे. बाजारात खूप वापरली जाणारी एक पूड गोवंशाच्या हाडावर प्रक्रिया करून केलेली असते. वर झाकायचा पडदा बऱ्याचदा डुकराच्या किंवा गाईच्या कोलॅजनचा असतो. मानवी हाडपेढीतूनही येते. रुग्णाचं स्वतःचं हाड जबड्याच्या दुसऱ्या भागातून घेता येतं. आणि पूर्णपणे कृत्रिम पूडही मिळते, कॅल्शियम फॉस्फेटच्या क्षारांची. लहान भरावासाठी ती चालते. मोठ्या भरावाला प्रत्येकीचे गुणदोष वेगळे, तिथे डॉक्टरांशी बोलावं लागेल. पण वस्तू कशाची आहे हे डॉक्टरांनी आधी सांगायला हवं आणि संमतीपत्रावर लिहायला हवं. माळकरी, जैन, मुसलमान, कुणीही असो, हे कळणं रुग्णाचा हक्क आहे. बाटलीवर लिहिलेलं असतं, दाखवा म्हणा.

जुनी_इंदूर

धन्यवाद. कुणी आपणहून सांगितलं नसतं.

ग्वाल्हेरची_लेक

यातला इतिहास मला फार आवडतो, म्हणून थोडं विषयांतर. पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे स्वीडनचे डॉक्टर 1952 मध्ये सशाच्या पायाच्या हाडात रक्ताभिसरण कसं चालतं ते बघत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमचं एक उपकरण बसवलं होतं. काम झाल्यावर काढायला गेले तर निघेना, हाड त्याला घट्ट धरून वाढलं होतं. दातांचा तेव्हा काही विषयच नव्हता. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला इंप्लांट बसवले. गोस्टा लार्सन त्यांचं नाव. जबड्यात जन्मतः दोष, खालचे दात नव्हते. ते 2006 मध्ये वारले, तोवर ते इंप्लांट तोंडात होते. चाळीस वर्षं! दंतवैद्यकीय जगाला मात्र हे पटायला 1982 ची टोरांटोची परिषद उजाडावी लागली.

आमच्याकडे बाबांना इंप्लांट केलं तेव्हा डॉक्टर मध्येमध्ये थांबून थंड सलाइन सोडत होते. मागाहून त्यांनी सांगितलं की ड्रिलने हाड 47 अंशांच्या वर मिनिटभर जरी तापलं तरी ते मरतं आणि स्क्रूला धरत नाही. घाईत काम करणाऱ्याकडे जाऊ नका, एवढंच यावरून मी शिकले.

पलासियाचा_दादा

पैशाबद्दल कुणी बोलत नाहीये म्हणून मी लिहितो. "एक इंप्लांट इतक्याला" असं सांगतात तेव्हा तो फक्त स्क्रूचा भाव असू शकतो. वरचा जोड, कॅप, स्कॅन, हाडाची पूड, सगळं मिळून किती ते कागदावर घ्या. स्क्रू धरला नाही तर पुन्हा बसवायचे पैसे लागणार का, तेही. आरोग्य विम्यात हे सहसा बसत नाही, अपघातात दात गेला असेल तर गोष्ट वेगळी.

कंपनी स्विस असो, कोरियन असो की भारतीय, डब्यावरचा स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनीचं नाव, माप आणि लॉट नंबर असतो. माझ्या मोठ्या भावाची कॅप ढिली झाली तेव्हा तो बंगलोरला होता. तिथल्या डॉक्टरला कोणत्या कंपनीचा स्क्रू ते माहीत नव्हतं, त्यामुळे कोणता पेचकस लावायचा हे कळेना. स्टिकरचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा.

खर्च फारच जड वाटत असेल तर एमवाय रुग्णालयाच्या बाजूला शासकीय दंत महाविद्यालय आहे, 1961 पासूनचं. तिथे वेळ लागतो, पण कृत्रिम दंत विभागात आणि हिरड्यांच्या विभागात विचारून बघायला हरकत नाही. अर्धी कवळी करायची असेल तर नक्कीच.

भोपाळकर_शिक्षिका

मी जरा उलट बोलते. दोन्ही दाढा भरल्याच पाहिजेत असं कुणी ठरवलं? मला शेवटची दाढ दोन्ही बाजूंना नाही, कैक वर्षं झाली. सगळं खाते. वृद्ध माणसाला शस्त्रक्रियेत ढकलण्याआधी "हे न करता चालेल का" हा प्रश्न कुणी विचारत नाही.

दंततज्ज्ञ_माळवा

बाईंचा मुद्दा अगदी रास्त आहे आणि त्याला शास्त्राचा आधार आहे. नेदरलँड्समध्ये नायमेखनच्या कायझर या दंततज्ज्ञाने 1980 च्या दशकात हे मांडलं. पुढचे दात आणि लहान दाढा शाबूत असतील तर मागच्या मोठ्या दाढांवाचून बहुतेक लोकांचं, विशेषतः उतारवयात, चांगलं चालतं. चावण्याचं बरंचसं काम पहिल्या मोठ्या दाढेपर्यंतच होतं. दुसऱ्या दाढेच्या जागी इंप्लांट बसवताना तोंडही जास्त उघडावं लागतं, आणि पुढे साफसफाई सगळ्यात कठीण तिथेच.

स्नेहलतागंज, मी तुमच्या जागी असतो तर असं विचारलं असतं: फक्त पहिल्या दाढेच्या जागी एकच बसवलं तर आईचं भागेल का? खर्च निम्मा, हाडात काम निम्मं, आणि त्या इंजेक्शनमुळे हाडात काम कमी असणं हेच हिताचं. शिवाय "काहीच नको" हाही पर्याय तोलून बघा. उजवीकडून त्या समाधानाने खात असतील, वजन टिकून असेल, तर घाई कसलीच नाही. पण तुम्ही गराडूचं लिहिलंत, त्यावरून त्या समाधानी नसाव्यात.

स्नेहलतागंज

सगळ्यांचे आभार. मधल्या काळात बरंच झालं, ते सांगते.

दाढेची जागा टॉर्चने पाहिली. हिरडी पूर्ण मिटली आहे, गुलाबी आहे. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी तपासलं आणि एका इंप्लांटला त्यांची हरकत नसल्याचं लिहून दिलं. सोबत दातांच्या डॉक्टरांसाठी औषधाचं नाव, सुरू केल्याचं वर्ष आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख लिहिली.

मग स्कॅन केला. पडद्यावर जबड्याचा काप पावाच्या स्लाइससारखा दिसतो आणि नस म्हणजे त्यात एक छोटा काळा गोल. पहिल्या दाढेच्या जागी वरच्या कडेला रुंदी साडेपाच मिलिमीटर भरली, खाली उतरल्यावर वाढते. नवे डॉक्टर म्हणाले, जरा बारीक स्क्रू घेऊ आणि गालाकडे थोडी कृत्रिम पूड भरू, वेगळी शस्त्रक्रिया नको. वरची दाढ उतरली आहे पण फार नाही, थोडी घासली की भागेल. दुसरी दाढ भरायची नाही असं आईनेच ठरवलं. तिला स्कॅन दाखवून सगळं समजावलं तेव्हा तिने स्वतः प्रश्न विचारले. आधीच्या तिन्ही ठिकाणी सगळे माझ्याशीच बोलत होते, तिच्या दातांबद्दल, ती शेजारी बसलेली असताना.

संक्रांतीनंतरची तारीख घेतली आहे. स्क्रू बसवल्यावर हाड धरायला 3 ते 4 महिने, मग कॅप. कॅप चिकटवायची नाही, स्क्रूने बसवायची, असं ते म्हणाले. हे योग्य ना? आणि आईची बोटं संधिवाताने कडक झाली आहेत, दोरा तिला ओढता येत नाही. साफसफाई कशी करायची?

दंततज्ज्ञ_माळवा

हे वाचून बरं वाटलं, आणि आईंशी थेट बोलणारे डॉक्टर मिळाले हे सगळ्यात चांगलं.

स्क्रूने बसवलेली कॅप योग्यच. चिकटवलेल्या कॅपचं सिमेंट हिरडीखाली राहिलं तर तिथे सूज येते आणि हाड झिजू लागतं. स्क्रूवाली कॅप ढिली झाली तर पेच पुन्हा आवळता येतो, काही बिघडलं तर मोडतोड न करता काढता येते.

इंप्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी मात्र सुजते, आणि मधुमेहात लवकर. आत नस नसल्यामुळे दुखतही नाही, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. दोऱ्याचा नाद सोडा. लांब दांड्याचा, बाटली धुण्याच्या ब्रशसारखा पण अगदी बारीक असा दातांमधला ब्रश मिळतो, तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असलेला घ्या. दांड्याला जाड कापडाची किंवा सायकलच्या मुठीची रबरी नळी चढवली की कडक बोटांत नीट बसतो. रात्री झोपताना एकदा पुरे. वॉटर फ्लॉसर घेतलात तर जोडीला म्हणून चालेल, ब्रशच्या जागी नाही. दर 6 महिन्यांनी दाखवायचं, वर्षातून एकदा एक्स-रे. हिरडीतून रक्त आलं, पू दिसला किंवा चव बिघडली तर सहा महिने थांबायचं नाही.

रामबागकर

माझ्या ब्रशला सुनेने सायकलचीच मूठ बसवून दिली आहे, जेल रोडवरून आणली. काकूंसाठी जास्तीची एक पडली आहे. स्नेहलतागंज म्हणजे आमच्यापासून चार पावलं, संध्याकाळी घरी असतो, घेऊन जा.